बालगुन्हेगारी: पोर बिघडतं, बिघडवलं जातं, की नुसतं वयातून जात असतं?

वाटसरू

ओळखीतल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने दोन मित्रांना घेऊन कुणाची तरी मोटारसायकल पळवली. मालकाने किल्ली गाडीलाच ठेवली होती. पोरांनी पेट्रोल संपेपर्यंत फिरवली, एका भिंतीला टेकवून ठेवली आणि चालत घरी आली. विकायचा वगैरे बेत नव्हता. बातमी फुटली त्या संध्याकाळी चार जणांकडून चार निदानं ऐकली: 'रक्तातच असतं', 'वस्तीच तसली', 'संगत' आणि 'आईबापांचं लक्ष नाही'. उपाय मात्र चौघांचा एकच: दोन महिने आत टाका, सुतासारखा सरळ येईल.

गंमत म्हणजे या चारही निदानांवर विद्वानांची अख्खी आयुष्यं खर्ची पडलीत. 'रक्तातच असतं' हे इटलीच्या लोम्ब्रोसोने १८७६ साली कवट्या आणि जबडे मोजून मांडलं. गुन्हेगार जन्मतःच वेगळा, उत्क्रांतीत मागे राहिलेला, असा त्याचा दावा. मापं पुढे टिकली नाहीत, समज टिकला. 'वस्तीच तसली' हे शिकागोत शॉ आणि मॅके यांनी तपासलं. बालन्यायालयाच्या कित्येक वर्षांच्या नोंदी त्यांनी शहराच्या नकाशावर ठिपक्या-ठिपक्यांनी मांडल्या (त्यांचं पुस्तक १९४२चं). शहराच्या मध्याला लागून जो पडका पट्टा होता, तिथे प्रमाण कायम जास्त. तिथे राहणारे लोक मात्र बदलत गेले: आधी जर्मन आणि आयरिश, मग इटालियन आणि पोलिश, मग कृष्णवर्णीय. एखादा समाज तिथून बाहेर पडला की त्याच्या पोरांचं प्रमाण खाली यायचं, आणि पट्टा जिथल्या तिथे. लोम्ब्रोसोला याहून सणसणीत उत्तर मी तरी वाचलेलं नाही.

'संगत' म्हणजे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सदरलँड. गुन्हा हा इतर कुठल्याही गोष्टीसारखा जवळच्या माणसांत शिकला जातो. हातचलाखी तर शिकतातच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे 'यात काय एवढं' हे म्हणायला शिकतात. मर्टनने १९३८ साली वेगळीच नस पकडली: यशाची स्वप्नं सगळ्यांना सारखीच वाटायची आणि तिथे पोचायच्या वाटा मोजक्यांनाच ठेवायच्या, मग उरलेल्यांतले काही जण कुंपणावरून उडी मारणारच. आणि 'आईबापांचं लक्ष' हा हिर्शीचा प्रांत. त्याने १९६९ साली प्रश्नच उलटा टाकला. पोरं गुन्हा का करतात हे काय विचारता? बाकीची का करत नाहीत ते विचारा. त्याचं उत्तर: जिव्हाळा, पणाला लागलेलं काहीतरी, गुंतलेला वेळ आणि नियमांवरचा विश्वास. हे दोर सैल झाले की पोरगं मोकळं.

मला सगळ्यात पटते ती मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिटची १९९३ची मांडणी. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अजूनही पाठपुरावा चालू आहे, त्यावर ती बरीचशी उभी आहे. तिच्या मते किशोरवयात नियम मोडणारी मुलं दोन जातीची. मूठभर अशी, की ज्यांचं तीन-चार वर्षांपासूनच काहीतरी बिनसलेलं असतं आणि पुढेही चालू राहतं. बाकीची ढीगभर अशी, की ज्यांना तेरा-चौदाव्या वर्षी शरीराने मोठं झाल्याचं कळतं, पण मोठ्यांचे हक्क मिळायला अजून बरीच वर्षं असतात. ती त्या मधल्या काळात हुंदडतात आणि विशीत आपोआप थांबतात.

माझं म्हणणं एवढंच: मोटारसायकलवाला पोरगा बहुधा दुसऱ्या ढिगातला आहे. त्याला दोन महिने आत टाकणं म्हणजे स्वतःहून बंद पडणाऱ्या गोष्टीला किक मारून चालू ठेवणं. तुम्हाला काय वाटतं?

खडूस

सिद्धांत छान. गाडी कोणाची होती, त्याला दुसऱ्या दिवशी कामावर कसं जावं लागलं, ते नाही लिहिलंत. या विषयावरच्या लेखांत ज्याचं गेलं तो माणूस कधी सापडतच नाही.

माझ्या आईची पर्स ओढली गेली. ती ६८ वर्षांची. पट्टा खांद्यात अडकला, ती पडली, मनगट मोडलं. तीन महिने वेणी घालता आली नाही तिला. ओढणारा सोळा वर्षांचा. पकडला गेला, आणि प्लास्टर निघायच्या आधी तो तिला कोपऱ्यावर उभा दिसला. मित्रांसोबत हसत होता. आता मी तिला सांगू का, की 'आई, हा दुसऱ्या ढिगातला आहे, विशीत थांबेल'?

आणि सिद्धांतच हवे असतील तर अर्धवट देऊ नका. त्याच हिर्शीने १९९० साली गॉटफ्रेडसनबरोबर मांडलं, की सगळ्याचं मूळ आत्मसंयमात आहे, आणि तो आठ-दहा वर्षांच्या आत घरात लावला तर लागतो: पोरावर नजर ठेवा, चुकलं तर ओळखा, ओळखलं तर तिथल्या तिथे शिक्षा करा. यातला शिक्षा हा शब्द तुम्ही गाळलात.

दुसरं, फिलाडेल्फिया. १९४५ साली जन्मलेल्या ९,९४५ मुलांच्या पोलीस नोंदी वुल्फगँग वगैरेंनी तपासल्या. ६ टक्के पोरांनी निम्म्याहून जास्त गुन्हे केले होते. मग त्या ६ टक्क्यांना उचला आणि बाकीच्यांना समुपदेशन, कविता, काय हवं ते द्या.

वाटसरू

खडूसराव, आईंबद्दल वाचून खरंच वाईट वाटलं. गाडीच्या मालकाचं मी लिहायला हवं होतं, मान्य.

पण ते ६ टक्के कोण होते हे त्यांची अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर मागे वळून कळलं. दहाव्या वर्षी रांगेत उभं करून ओळखून दाखवा बरं. ज्यांच्यात लहानपणी सगळी 'लक्षणं' होती अशातली कितीतरी मुलं पुढे सरळ निघतात. बॉस्टनमध्ये ग्लुक दांपत्याने ५०० बालगुन्हेगार आणि ५०० इतर मुलगे अभ्यासले होते. त्यांचे कागद हार्वर्डच्या लॉ स्कूलच्या ग्रंथालयात तळघरात खोक्यांत पडून होते. सॅम्पसन आणि लाउब यांनी ते बाहेर काढले आणि त्या ५०० बालगुन्हेगारांचा माग थेट सत्तरीपर्यंत काढला. त्यांतले पार वाया गेलेले म्हणावेत असेही बहुतेक जण कधी ना कधी थांबले. कशाने? टिकलेलं लग्न, नियमित काम, काहींच्या बाबतीत सैन्य. दहाव्या वर्षीच्या कुठल्याही चाचणीत हे दिसलं नसतं.

तिरकस

सगळं वाचलं. मोबाईलचं काय? मोबाईलशिवाय हा धागा पूर्ण कसा होणार?

जुना मास्तर

तिरकस, १९३०च्या दशकात हेच सिनेमाबद्दल बोलत होते. १९५४ साली अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने कॉमिक्समुळे मुलं बिघडतात का यावर सुनावण्या घेतल्या होत्या, चित्रांच्या पुस्तकांवर! दर पिढीला एक मोबाईल लागतो. पुढे जाऊ.

मी ३१ वर्षं शाळेत काढली. वर समाजशास्त्रज्ञ कोहेनचं नाव आलं नाही, ते यायला हवं. १९५५ साली तो म्हणाला, की शाळेची मोजपट्टी एकाच प्रकारच्या घरातल्या मुलांसाठी बनलेली असते: नीटनेटकं बोलणं, वेळेवर वही, 'मोठेपणी कोण होणार' याचं तयार उत्तर. जी मुलं या पट्टीवर रोज नापास होतात ती एक दिवस पट्टीच मोडतात आणि स्वतःची उलटी पट्टी करतात. तिथे काच फोडणारा पहिला येतो. चोरलेली वस्तू त्यांना नको असते, म्हणून ती भिंतीला टेकवून येतात. वाटसरू, तुमची मोटारसायकल मला याच खात्यातली वाटते.

आता माझंच पाप सांगतो. आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. शाळेतलं कुठलंही कुलूप अडकलं की शिपाई त्याला बोलवायचा. केसातला आकडा नाही, तारही नाही, नुसतं कुलूप कानाशी धरून हळूहळू किल्ली फिरवायचा आणि ते उघडायचं. आम्ही कौतुक करायचो. मग सहलीचे जमलेले पैसे कपाटातून गेले. कोणी काही बोललं नाही, पण तास चालू असताना वर्गातल्या सगळ्या माना एकाच बाकाकडे वळल्या. आणि माझीही वळली. चार दिवसांनी पैसे सापडले. कारकुनाने दुसऱ्या खणात ठेवले होते आणि विसरला होता. आम्ही मुलाला काहीच म्हटलं नव्हतं, त्यामुळे माफी कशाची मागायची हा प्रश्न पडला आणि कोणीच मागितली नाही. तीन आठवड्यांत त्याने शाळा सोडली. दोन वर्षांनी त्याला खरोखरच कुलूप फोडताना पकडलं.

लेमर्टने १९५१ साली पहिलं पाऊल आणि दुसरं पाऊल यांत फरक केला होता. पहिलं पाऊल कशानेही पडतं. दुसरं पडतं ते लोकांनी मारलेल्या शिक्क्याला उत्तर म्हणून. बेकरने १९६३ साली हेच पुढे नेलं. मला ते पुस्तकातून कळायच्या आधी त्या बाकाने शिकवलं.

कायदेकानू

मास्तर, अनुभव अंगावर आला. पण शिक्का सिद्धांताचं लंगडेपण तुमच्याच वाक्यात आहे: पहिलं पाऊल 'कशानेही' पडतं. म्हणजे मूळ प्रश्नाला उत्तर नाही. शिवाय शब्द बदलून शिक्का पुसला जातो हा एक भाबडेपणा. 'बालगुन्हेगार' म्हणायचं नाही म्हणून कायद्याने 'विधिसंघर्षग्रस्त बालक' दिलं. लोक तोच शिक्का आता सहा अक्षरांऐवजी दहा अक्षरांत मारतात.

मी दोन्ही पक्षांशी असहमत आहे. खडूस यांना शिक्षा हवी, वाटसरूंना माया हवी. मला कार्यपद्धती हवी. पहिलं बालन्यायालय १८९९ साली शिकागोत निघालं ते मायेपोटीच: न्यायाधीश हा वडिलांसारखा, मग वकील कशाला, साक्षीपुरावा कशाला? त्या मायेचं टोक म्हणजे गॉल्ट खटला. अ‍ॅरिझोनातल्या पंधरा वर्षांच्या जेराल्ड गॉल्टवर शेजारणीला अश्लील फोन केल्याचा आरोप. आईबाप कामावर असताना उचलला, त्यांना साधा निरोपही ठेवला नाही. तक्रारदार बाई न्यायाधीशापुढे एकदाही आली नाही. मुलाला सुधारशाळेत पाठवलं, २१ वर्षांचा होईपर्यंत ठेवता येईल अशा बेताने. हेच प्रौढाने केलं असतं तर जास्तीत जास्त ५० डॉलर दंड किंवा दोन महिने कैद. १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला आणि मुलांनाही वकील, आरोपाची सूचना, उलटतपासणी हे हक्क आहेत असं ठरवलं. 'त्याच्या भल्यासाठी' हे शब्द ऐकले की मी आधी विचारतो, किती दिवसांसाठी, आणि कोणत्या पुराव्यावर?

शांभवी

मी निरीक्षणगृहात समुपदेशक होते, सहा वर्षं. 'आत टाका' म्हणणाऱ्यांनी आत काय होतं ते ऐका.

नवा मुलगा पहिल्या रात्री पांघरूण तोंडावर घेऊन रडतो. दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारतं, 'काय केलंस?' तो खालमानेने सांगतो, एक सायकल. समोरचे हसतात. चौथ्या दिवशी तोच प्रश्न दुसरा कोणी विचारतो तेव्हा एका सायकलीच्या तीन झालेल्या असतात. पंधराव्या दिवशी सायकलीची स्कूटर होते आणि तो सांगताना मान वर असते. मी खोलीत असताना हे घडायचं, माझ्या 'गटचर्चे'त! चांगल्या वागण्याबद्दल बोलायला मी त्यांना गोलात बसवायचे, आणि हशा मिळायचा तो वाईटाच्या गोष्टीला. नंतर मानसशास्त्रज्ञ डिशियन यांचं काम वाचलं आणि चरकले. त्यांनी नेमकं हेच मोजलं होतं: बिघडलेली मुलं एकत्र आली की नियम मोडायच्या गप्पांना हसून दाद देतात, आणि ती दाद पुढच्या वागण्यात दिसते.

याच विषयातला सगळ्यात कडू प्रयोग म्हणजे केंब्रिज-सॉमरविल. बॉस्टनजवळच्या या दोन गावांत ५०६ मुलगे, जोड्या लावून दोन गट. एका गटाला १९३९ पासून सरासरी पाच वर्षं घरी येणारा सल्लागार, शिकवणी, औषधपाणी, उन्हाळी शिबिरं. दुसऱ्याला काही नाही. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्डने त्या माणसांना शोधून काढलं. मदत मिळालेल्यांपैकी दोन-तृतीयांश म्हणाले, 'फार उपयोग झाला.' नोंदी काढल्या तर दारू, आजार, लवकर मृत्यू, पुन्हा गुन्हा, या सगळ्यांचं प्रमाण मदत मिळालेल्या गटातच जास्त. सर्वांत जास्त नुकसान कोणाचं, तर शिबिराला एकाहून जास्त वेळा गेलेल्यांचं.

आणखी एक. 'मला काय माहीत तो पडेल', 'त्यांना विमा मिळतो', 'साहेब काय धुतल्या तांदळाचे आहेत का', 'मित्रासाठी केलं'. ही वाक्यं मी रोज ऐकायचे. साइक्स आणि माट्झा यांनी १९५७ साली या सबबींचे पाच प्रकार लावून ठेवलेत. मुद्दा असा, की ज्याला सबब लागते त्याला चूक-बरोबर कळत असतं. तिथेच काम करायला जागा असते.

खडूस

शांभवीताई, म्हणजे तुरुंग उलटतो आणि मायाही उलटते. मग हातावर हात ठेवून बसायचं? तुमच्या प्रतिसादाने माझी बाजू पडली नाही, वाटसरूंचीही पडली, एवढंच झालं.

विदावाला

खडूस, हातावर हात नको, पण मोजून करा. डोळ्यांसमोरचे काही आकडे देतो, त्यांच्या मर्यादांसकट.

तुरुंगाची भीती दाखवणं: १९७०च्या दशकात न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात पोरांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून ओरडून घ्यायचे. माहितीपट गाजला, सगळीकडे नकला झाल्या. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा दिसलं, की तुरुंग बघून आलेली मुलं घरी बसलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे करतात. तो प्रकार नुसता निरुपयोगी असता तरी चाललं असतं.

प्रत्यक्ष डांबणं: आयझर आणि डॉइल यांनी शिकागोतल्या ३५,०००हून जास्त मुलांच्या नोंदी घेतल्या (२०१५). तिथे कोणता न्यायाधीश मिळेल हे जवळपास नशिबावर असतं, काही कडक, काही सौम्य. त्यामुळे सारख्याच मुलांची तुलना करता आली. डांबलेली मुलं शाळा पूर्ण करण्यात मागे पडली आणि मोठेपणी तुरुंगात जाण्यात पुढे.

आता चाललेलं. मिशिगनमधली पेरी बालवाडी, १९६२ ते ६७: गरीब कृष्णवर्णीय घरांतली १२३ मुलं, तीन-चार वर्षांची. रोज अडीच तास बालवाडी आणि आठवड्यातून एकदा शिक्षिका घरी. चाळिशीपर्यंत पाच किंवा जास्त वेळा अटक झालेल्यांचं प्रमाण बालवाडीवाल्यांत ३६ टक्के, इतरांत ५५. पण १२३ म्हणजे फारच छोटा नमुना, आणि ३६ टक्केही कमी नाहीत. शिकागोतच २०१२ साली आठ आठवड्यांचं उन्हाळी काम १३ शाळांतल्या मुलांना चिठ्ठ्या टाकून दिलं. पुढच्या सोळा महिन्यांत हिंसक गुन्ह्यांसाठी अटक ४३ टक्क्यांनी कमी. चोऱ्या मात्र तेवढ्याच राहिल्या. त्याच शहरात 'राग आला की दोन क्षण थांब' शिकवणाऱ्या शाळेतल्या तासांमुळे हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका कार्यक्रम चालू असताना ४५ ते ५० टक्के उतरल्या. कार्यक्रम संपल्यावर परिणाम टिकला नाही.

यातून मला दिसतं ते असं: मुलाला इतर बिघडलेल्यांपासून दूर ठेवून, त्याच्या घरात किंवा कामात जे केलं ते जास्त चाललं.

दोन घरं

विदावाला, आकडे छान, पण मोजलं कोणाला तेही बघा. फिलाडेल्फियाचे ९,९४५? मुलगे. ग्लुक यांचे ५०० अधिक ५००? मुलगे. सॉमरविलचे ५०६ मुलगे, कोहेनच्या पुस्तकाच्या नावातच मुलगे. मुली कुठे आहेत? मेडा चेस्नी-लिंड या बाईंनी हाच प्रश्न विचारला तेव्हा दिसलं, की मुलींना न्यायालयात आणलं जायचं ते बहुतेक घरातून पळाल्याबद्दल. आणि कितीतरी जणी पळायच्या त्या घरातल्या अत्याचारापासून. तिथे न्यायालय त्यांना परत त्याच घरी पाठवणार किंवा डांबणार. तुमचा कुठलाही सिद्धांत यावर बसवून दाखवा.

आणि 'आईबापांचं लक्ष नाही' हे वाक्य ऐकलं की मी सावध होते, कारण त्यात बाप नावापुरता असतो. मी एकटीने दोन मुलं वाढवली, दोन पाळ्यांत काम करून. हिर्शीचा मुद्दा सोळा तास शेजारी बसण्याचा नव्हताच. मोहाच्या क्षणी पोराच्या मनात 'आईला काय वाटेल' हा विचार येतो का, एवढंच तो विचारत होता. तो विचार मी कामावर असतानाही येऊ शकतो. आणि मी घरात असूनही न येऊ शकतो.

वाटसरू

दोन घरं, मुलींचा मुद्दा बिनतोड आहे, माझ्या लेखात तो नव्हता.

मास्तर, कोहेनबद्दल थोडी शंका. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांचा २००५चा प्रयोग आहे, गाडी चालवायच्या संगणकी खेळाचा. एकटी असताना किशोरवयीन मुलं फारशी आततायी नव्हती. मित्र बघत असले की धोका कितीतरी जास्त पत्करायची. मोठ्यांना मित्र असले-नसले फरक पडत नव्हता. तिघे होते म्हणून मोटारसायकल गेली, शाळेवरच्या रागातून नव्हे, असं आपलं मला वाटतं. पोरगा वर्गात पहिल्या पाचात आहे.

कायदेकानू

खडूस, तुमच्यासाठी एक. इटलीच्या बेकारिआने १७६४ सालीच लिहून ठेवलंय, की गुन्हा थांबतो तो शिक्षेच्या क्रौर्याने नाही, तिच्या खात्रीने. तुमच्या आईंच्या बाबतीत कडकपणा कमी पडला नाही. काहीच घडलं नाही, हे झालं. पकडला, सोडला, कोपऱ्यावर परत.

न्यूझीलंडने १९८९च्या कायद्यात यावर वाट काढली. खटल्याऐवजी किंवा खटल्याआधी बैठक: मुलगा, त्याचे नातेवाईक, पोलीस, आणि ज्याचं नुकसान झालं तो माणूस. काय झालं, कुणाला किती लागलं, भरपाई कशी, हे एकमेकांच्या तोंडावर ठरतं. ज्याचं गेलं त्याला यायची सक्ती नाही, पण खुर्ची असते.

तिरकस

आणि पोरगं 'सॉरी' म्हणून सुटलं की टाळ्या.

शांभवी

तिरकस, न्यायालयात मान खाली घालून उभं राहणं सोपं असतं, वकील बोलतो. जिचं मनगट मोडलं तिच्या समोर बसून स्वतः बोलायचं हे मी पाहिलेल्या मुलांना फार जड गेलं असतं. एकाने मला स्पष्ट सांगितलं होतं: 'ताई, त्यापेक्षा महिना वाढवा.'

खडूस

काल रात्री आईला विचारलं. मला वाटलं, हाकलून लावेल.

म्हणाली, येईन की. पण त्याची आईही हवी. पैसे नकोत, पर्समध्ये होतं काय, चष्मा आणि औषधाची चिठ्ठी. मग बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, त्या दिवशी तो कशाला हसत होता, तेवढं त्याला विचारायचंय.

मी अजूनही त्याला आत टाकायच्याच मताचा आहे. फक्त हे लिहावंसं वाटलं.

शांभवी

काकूंना जरूर विचारू द्या. 'माहीत नाही' असंच उत्तर येईल बहुधा, आणि ते खरं असेल. त्यांना हेही सांगून ठेवा.